बिघडलेला प्रोग्रॅम आणि शेजारी बसलेलं माणूस : लहान मुलांच्या प्रोग्रॅमिंगचा आढावा

चार वर्षांच्या मुलाला प्रोग्रॅमिंग शिकवता येईल का, हा प्रश्न स्मार्टफोनसोबत घरात आला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो पन्नास वर्षं जुना आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीने बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी एक यंत्रणा घडवली. ज्याला अजून अक्षरं येत नाहीत त्याला कीबोर्डचा काय उपयोग? म्हणून पर्लमन यांनी आधी बटणांच्या पेट्या केल्या. बटण दाबलं की जमिनीवरचं यांत्रिक कासव पुढे सरकायचं, मागे यायचं, वळायचं, दिवा लावायचं. आणखी एक पेटी दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवायची आणि नंतर त्या ओळीने पार पाडायची. मग त्यांनी खाचांचं एक यंत्र केलं. रंगीत पट्टीच्या खाचांत प्लास्टिकची कार्डं खोचायची, की कार्डांची ती ओळ हाच प्रोग्रॅम. एका पट्टीत दुसऱ्या रंगाचं कार्ड खोचलं तर त्या रंगाची अख्खी पट्टी चालायची. प्रोग्रॅमच्या आत प्रोग्रॅम ही कल्पना मुलांच्या हातात, शब्दशः हातात, आली होती.

पुढे पर्लमन यांनी संगणकांची जाळी जोडण्याच्या तंत्रात मोठं काम केलं. मुलांचं काम मात्र सुटलं. आसपास एकटीच बाई, त्यात गोजिरवाण्या मुलांसोबतचं काम; शास्त्रज्ञ म्हणून आपल्याला कोण गांभीर्याने घेणार, असा संकोच तेव्हा वाटला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. या संकोचाने एका मोठ्या विषयाचं नुकसान झालं असं मला वाटतं. मोठ्या मुलांच्या प्रोग्रॅमिंगवर पुढे ढीगभर लिहिलं गेलं. पाच-सहा वर्षांच्या मुलांकडे पुन्हा नीट लक्ष जायला बराच काळ लागला.

या साऱ्या वर्षांतले प्रयोग, दावे आणि भांडणं वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आहे. प्रोग्रॅम चालला म्हणून मुलाच्या पदरात फारसं पडत नाही. तो ठरवल्याप्रमाणे चालला नाही, की पुढच्या पाच मिनिटांत काय घडतं यावर सगळं अवलंबून असतं. त्या पाच मिनिटांत शेजारी एक समजूतदार माणूस लागतं.

मुळापासून पाहू. १९६७ साली बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये, बीबीएन या कंपनीत, वॉली फ्यूरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सेमूर पॅपर्ट यांनी लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा घडवली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचे, गणिती. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काही वर्षं काम केल्यामुळे मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचत असतं, या विचाराने ते भारावलेले होते. लोगोत आधी कासव नव्हतंच. शब्द आणि वाक्यं होती. इंग्रजी शब्दांची अक्षरं फिरवून मुलं जी गुप्त भाषा बोलतात, ती संगणकाला शिकवणं हा तिथला एक आवडता उद्योग होता.

आपल्याकडच्या मुलांची ‘च’ची भाषा आठवा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा, ‘करतोस’चं ‘चरतोसक’. ही भाषा भराभर बोलणारं मूल एक नियम प्रत्येक शब्दावर बिनचूक चालवत असतं. आता तोच नियम त्याला लिहून द्यायला सांगा. शब्द ‘च’नेच सुरू होत असेल तर? पहिल्या अक्षराला काना किंवा वेलांटी असेल तर ती ‘च’कडे जाईल की शेवटी? ‘आई’चं काय करायचं? बोलताना जे आपोआप निभावून जातं, ते मांडायची वेळ आली की नियमात कुठे कुठे भोकं आहेत ते दिसू लागतं. आठ-नऊ वर्षांची मुलं यावर तावातावाने वाद घालतात आणि शेवटी एक नियम ठरवतात. माझ्या मते हे अस्सल प्रोग्रॅमिंग आहे, आणि त्याला अजून वीजही लागलेली नाही.

कासव थोडं नंतर आलं. आधी जमिनीवरचं, मग पडद्यावरचं. ‘पुढे’, ‘मागे’, ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ एवढ्याच आज्ञा. त्याच्याकडून वर्तुळ कसं काढून घ्यायचं? पॅपर्ट म्हणत, मुलाला स्वतःला चालू द्या. गोल चालताना आपण थोडं पुढे जातो, थोडं वळतो आणि तेच पुन्हा पुन्हा करतो. एक पाऊल पुढे, एक अंश वळण, असं ३६० वेळा केलं की वर्तुळ पुरं होतं. केंद्रबिंदू, त्रिज्या, सूत्र यांची गरज पडली नाही. मुलाच्या पायांनाच ते ठाऊक होतं. १९८०मध्ये पॅपर्ट यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या शाळांत लोगो पोचलं. भारतातही १९८४-८५मध्ये ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून काहीशे शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले.

मग दाव्यांची चढाओढ सुरू झाली. लोगो शिकलं की मूल नियोजन शिकतं, तर्क शिकतं, एकूणच हुशार होतं, असं सर्रास बोललं जाऊ लागलं. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातले रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी हे तपासायचं ठरवलं. वर्षभर लोगो केलेल्या मुलांना त्यांनी वर्गातल्या कामांचं वेळापत्रक आखायला दिलं: फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं, अशी कामं कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकतील? लोगो शिकलेली मुलं इतरांपेक्षा पुढे नव्हती. १९८४च्या सुमाराला प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे उत्साहावर पाणी पडलं. पी यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. नवशिक्यांच्या पुष्कळशा चुकांच्या मुळाशी एकच समजूत होती: यंत्राच्या आत कुठेतरी एक मन आहे, आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं.

पॅपर्ट संतापले. १९८७मधल्या त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की ‘लोगोचा परिणाम काय?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. लाकडाने चांगली घरं बनतात का, असं कोणी विचारत नाही. घर सुताराच्या हातावर ठरतं. युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्यातून एक जबाबदारीही येते. सुतार कसा घडवायचा, ते सांगायला हवं. त्याचं उत्तर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून १९८८मध्ये आलं. शेरॉन कार्व्हर आणि डेव्हिड क्लार यांनी मुलांना लोगो शिकवलंच, शिवाय चूक कशी शोधायची हेही वेगळं काढून शिकवलं. काय घडायला हवं होतं? काय घडलं? या दोहोंतला फरक प्रोग्रॅमच्या कुठल्या भागाकडे बोट दाखवतो? तो भाग तपासा, बदला, पुन्हा चालवा. या मुलांना नंतर कागदावरच्या सूचना दिल्या, नकाशावरचा रस्ता किंवा वस्तूंची मांडणी सांगणाऱ्या, आणि त्यातली चूक शोधायला सांगितली. संगणक नसतानाही ती मुलं आधीपेक्षा नेमकेपणाने चूक पकडू लागली होती.

या विषयावरचं एकच काम वाचायचं असेल तर हे वाचावं, असं मी म्हणेन. नुसतं प्रोग्रॅमिंग करवून घेतलं तर ते शिक्षण इतरत्र झिरपेल याची खात्री नाही. चूक शोधण्याची रीत उघड, नाव घेऊन शिकवली तर ती झिरपते. पुढच्या तीस वर्षांतल्या संशोधनाने या चित्रात भर घातली आहे, मोठा बदल केलेला नाही. नॉर्वेतले रॉनी शेरर आणि सहकारी यांनी २०१९मध्ये १०५ अभ्यास एकत्र तपासले. प्रोग्रॅमिंग शिकल्याने प्रोग्रॅमिंग सुधारतं, हा परिणाम सर्वांत मोठा. सर्जनशील विचार, गणिती कौशल्यं आणि स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवणं यांतही मध्यम लाभ दिसला. वाचन-लेखनात मात्र तसा दिसला नाही. इंग्लंडमध्ये ‘स्क्रॅचमॅथ्स’ नावाचा, गणित आणि प्रोग्रॅमिंगची काळजीपूर्वक सांगड घालणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शंभराहून अधिक शाळांत तपासला गेला. २०१८च्या अहवालात गणिताच्या परीक्षेत फरक आढळला नाही. संगणकीय विचाराच्या चाचणीत पहिल्या वर्षाअखेर थोडी प्रगती मात्र दिसली. म्हणून ‘कोडिंगने गणित सुधारतं’ असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर पालकांनी तिथेच थांबून पुरावा विचारावा.

मुलांच्या हातातली साधनं मात्र या काळात खूप बदलली. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७मध्ये स्क्रॅच जगासमोर आणलं. आज्ञा टाइप करायच्या नाहीत. रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. न जुळणारे ठोकळे अडकतच नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम विसरला म्हणून रडायची वेळ येत नाही. साधारण आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी ते होतं. त्याहून लहानांसाठी मरिना उमास्की बर्स आणि रेझनिक यांच्या गटांनी २०१४मध्ये स्क्रॅचज्युनिअर आणलं. त्यात ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रं आहेत. बर्स यांनीच किबो हा रोबोटही घडवला. त्याचा प्रोग्रॅम लाकडी ठोकळ्यांनी रचायचा. रोबोट त्यांवरचे बारकोड वाचतो आणि चालू लागतो, पडदा कुठेच नाही. प्रोग्रॅमिंग हे मुलांना मैदान वाटावं, चहूबाजूंनी कुंपण घातलेला पाळणा वाटू नये, असा बर्स यांचा आग्रह आहे. त्यांच्या गटाने २०१३मध्ये दाखवलं की आठवडाभराच्या रोबोट-कार्यशाळेनंतर बालवाडीतली मुलं चित्रकथेतली चित्रं योग्य क्रमाने लावण्यात सुधारली. ‘आधी काय, मग काय’ हे वाचनाच्या वाटेवरचंही पाऊल आहे, म्हणून या छोट्या निष्कर्षाला मी वजन देते.

पाच ते सात या वयात अडतं कुठे, ते शिक्षकांनी नीट पाहायला हवं. इंग्लंडच्या शाळांत बी-बॉट नावाचा मधमाशीच्या आकाराचा रोबोट सर्रास असतो. पाठीवर बाणांची बटणं. एका आज्ञेला तो १५ सेंटिमीटर सरकतो किंवा जागच्या जागी काटकोनात वळतो. जवळजवळ प्रत्येक मूल सुरुवातीला धरून चालतं की ‘उजवा बाण’ म्हणजे उजवीकडे जा. माशी नुसतीच वळते आणि मूल गोंधळतं. दुसरी अडचण माशी मुलाकडे तोंड करून उभी राहिली की येते: तिची उजवी बाजू माझ्या डावीकडे! दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं या वयात अजून घडत असतं. इथे घाईने ‘अगं, चुकलं, डावं बटण दाब’ म्हणणारं मोठं माणूस सगळा फायदा हिरावून घेतं. मुलीला उठून माशीच्या मागे उभं राहू द्यावं. ‘तुला काय वाटलं होतं, ती कुठे जाईल?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. ते गप्प बसणं आपल्याला, विशेषतः आई-बाबांना, फार जड जातं.

रोबोट नसला तरी काही अडत नाही. शहाबादी फरशीवर खडूने एक घर आणि एक शाळा काढा, एका मुलाला कासव करा, दुसऱ्याला आज्ञा कागदावर लिहू द्या किंवा बाणांनी काढू द्या. नियम एकच: कासवाने लिहिलंय तेवढंच करायचं, मनाने काही भरायचं नाही. पी यांना दिसलेली ती समजूत, आत एक समजून घेणारं मन असल्याची, इथे हसत-खेळत गळून पडते. ठिपक्यांची रांगोळी तर आयतीच आहे: कोणता तुकडा किती वेळा फिरवला की कमळ पुरं होतं, हे शोधणारं मूल लूपच, म्हणजे पुन्हा पुन्हा करायचा आज्ञांचा तुकडाच, शोधत असतं. न्यूझीलंडचे टिम बेल आणि सहकारी यांनी १९९०च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ नावाने असे बिनसंगणकाचे खेळ रचले. १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची पाच कार्डं उलटी-सुलटी करून ० ते ३१ पर्यंतचा प्रत्येक आकडा दाखवायचा, हा त्यातला प्रसिद्ध खेळ. कार्डशीट आणि स्केचपेन एवढाच त्याचा खर्च.

लॅपटॉप वाटल्याने काय होतं, याचा धडा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. पॅपर्ट ज्याचे एक प्रेरक होते त्या ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७मध्ये आपल्या राज्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत झाला. प्रयोग मोठा होऊ शकला नाही. ही मोहीम मोठ्या प्रमाणावर राबवणाऱ्या पेरू देशातल्या २०१२च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. यंत्र पोचलं, पण सुतार घडवायची सोय सोबत पोचली नव्हती.

इंग्लंडने सप्टेंबर २०१४पासून पाच वर्षांच्या मुलांपासूनच संगणनाचा विषय सक्तीचा केला. साधे प्रोग्रॅम लिहिणं आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणं हे पहिल्या दोन इयत्तांच्या अभ्यासक्रमातच आहे. धाडस मोठं होतं, पण शिक्षकांची तयारी मागे राहिली, हे तिथल्या रॉयल सोसायटीने २०१७मध्ये स्पष्ट नोंदवलं. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेवलं. गोव्याने २०२१मध्ये ‘केअर्स’ योजनेखाली त्याच इयत्तांत कोडिंग आणि रोबोटिक्स आणलं. छोटं राज्य, मोजक्या शाळा. तिथले अनुभव महाराष्ट्राने आवर्जून अभ्यासावेत.

२०२०-२१ या दोन वर्षांत बाजार मात्र सर्वांच्या पुढे धावला. टाळेबंदीत घरी अडकलेल्या आई-बाबांना सहा वर्षांच्या मुलाचं ॲप कोट्यवधी कमावेल अशी स्वप्नं विकली गेली. मुंबईत सुरू झालेली व्हाइटहॅट ज्युनिअर ही कंपनी ऑगस्ट २०२०मध्ये बायजूजने ३० कोटी डॉलरला विकत घेतली, आणि त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर तिला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नोकरीच्या धाकाने पहिलीतल्या मुलाला क्लास लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते. तो नोकरीला लागेल तेव्हा आजची एकही भाषा कदाचित वापरात नसेल.

चांगलं काम आपल्या हाताशी आहे, हे मात्र फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी ‘कम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकं तयार केली आणि ती सर्वांसाठी मोफत खुली ठेवली. त्यांत बटणं कुठे दाबायची यापेक्षा विचार कसा करायचा यावर भर आहे. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा सीएसपाठशाला हा उपक्रम २०१६पासून बिनसंगणकाचे पाठ शाळांपर्यंत नेतो आहे. लिथुआनियात २००४मध्ये सुरू झालेली बेब्रास ही कोडी सोडवायची स्पर्धाही त्याच्यामार्फत भारतात होते. तिच्यासाठी प्रोग्रॅमिंग आलंच पाहिजे असं नाही. केरळने तर आपली शालेय संगणक-व्यवस्था मल्याळमसह आणि मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली.

भाषेच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७मध्ये इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या पाच देशांतल्या स्क्रॅच वापरणाऱ्या मुलांची आकडेवारी तपासली. ठोकळे आपल्या भाषेत वाचणारी मुलं नव्या संकल्पना इंग्रजीत वाचणाऱ्या त्याच देशांतल्या मुलांपेक्षा लवकर वापरू लागली होती. नेदरलँड्सच्या फेलिएन हरमन्स यांनी २०२०मध्ये हेडी ही टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणारी भाषा आणली. तिच्या आज्ञा अनेक भाषांत लिहिता येतात, हिंदीतसुद्धा. मराठी शाळेतलं मूल ‘जर’ आणि ‘तर’ पक्कं ओळखतं; त्याच्यापुढे अट मांडताना आधी परक्या भाषेचा शब्द पाठ करून घ्यायची काहीच गरज नाही. इंग्रजी पुढे येईलच. सात वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत स्वप्नं पडतात, त्याच भाषेत त्याने आपली चूक समजावून सांगावी.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता साधं वाक्य ऐकून प्रोग्रॅम लिहून देते. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी २०२४च्या सुरुवातीला दुबईत सांगितलं की मुलांनी आता कोडिंग शिकायची गरज उरलेली नाही. नोकरीसाठी शिकवत असाल तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल. पण लहान मुलांबाबत मी नेमका उलटा निष्कर्ष काढते. सफाईने बोलणाऱ्या यंत्राच्या आत समजूतदार मन आहे, ही १९८०च्या दशकातल्या मुलांची समजूत आज मोठ्या माणसांनाही झपाट्याने होते आहे. एखाद्या यंत्राला स्वतः आज्ञा देऊन, ते सांगितलं तेवढंच करतं याचा अनुभव हातापायांनी घेतलेलं मूल या नव्या यंत्रालाही ‘तू हे कशावरून म्हणतोस?’ असं विचारण्याची शक्यता जास्त.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलं की २०२६-२७पासून तिसरीपासूनच संगणकीय विचार आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख अभ्यासक्रमात येईल. वय मला योग्य वाटतं. काळजी वाटते ती तिसरीच्या वर्गशिक्षिकेची. तिच्याकडे आधीच सगळे विषय आहेत, अनेक ठिकाणी दोन-दोन इयत्ता आहेत, आणि संगणक असला तर तो मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. तिच्या हाती आणखी एक चकचकीत पुस्तक देऊन भागणार नाही. प्रशिक्षणाचे जे काही दिवस मिळतील, त्यांत तिला चालणारे प्रोग्रॅम दाखवू नयेत, बिघडलेले द्यावेत. फरशीवर सहकारी शिक्षकाला कासव करून चुकीची वाट चालवू द्यावी, तीही मराठीत. मूल अडखळल्यावर उत्तर न सांगता पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, याचा सराव करवून घ्यावा. मुलांच्या वहीत ‘बरोबर’च्या खुणेशेजारी ‘कुठे चुकलं ते शोधलं’ यासाठीही एक खूण असावी, आणि मूल्यमापनात तिला गुण मिळावेत. हे शिक्षकांच्या हाती पोचण्याआधी संगणक-खरेदीची निविदा निघाली, तर पालकसभेत उठून त्याबद्दल विचारायला हवं.